सिबिल ६७१ : नाशिकच्या एका गृहकर्जाचा प्रकरण अभ्यास

अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करणारे गृहस्थ. वय ३८, हातात पडणारा पगार ५८,००० रुपये. पत्नी खासगी बालवाडीत शिक्षिका, पगार १४,०००. एप्रिल २०२५ मध्ये पाथर्डी फाट्याजवळचा दोन बेडरूमचा फ्लॅट ४१ लाखांना ठरला आणि टोकन दिलं गेलं. स्वतःचे नऊ लाख जमलेले होते, कर्ज हवं होतं ३२ लाखांचं. कायम नोकरी, दुचाकीचा ३,४०० रुपयांचा एक हप्ता सोडला तर दुसरा बोजा नाही. कागदावर फाईल सरळ होती. तरीही ज्या सरकारी बँकेत त्यांचा पगार जमा होतो तिथूनच अर्ज परत आला, कारण सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून सिबिल ही कंपनी देते ते गुण, ६७१.

कर्जाच्या फायली बघणं हे माझं रोजचं काम आहे. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण यात चुकीचं वागलेलं असं कुणीच नव्हतं. कुटुंबाची ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. आकडे आणि क्रम तसाच आहे.

ते पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, “साहेब, आजवर माझा एक हप्ता थकलेला नाही. मग हा आकडा आला कुठून?” त्यांच्या समजुतीप्रमाणे ते खरंच बोलत होते. दुचाकीचे सगळे हप्ते वेळेवर, क्रेडिट कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरलेलं. मधल्या काळात बिल्डरच्या ओळखीच्या एजंटाने त्यांची फाईल आणखी चार ठिकाणी फिरवली होती. त्यातल्या एका गृहवित्त कंपनीने साडेदहा टक्क्यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. दुसरा एक एजंट पंधरा हजारांत ‘सिबिल क्लीन’ करून देतो म्हणत होता. त्याला एक रुपयाही देऊ नका, हे मी पहिल्याच भेटीत सांगितलं. अहवालातली नोंद बदलते ती कर्ज देणाऱ्या संस्थेने दुरुस्त माहिती पाठवली तरच. तिची मागणी खातेदार स्वतः फुकट करू शकतो. बाहेरच्या कुणाच्या हातात ती किल्ली नाही, आणि अडलेल्या माणसाकडून अशा कामाचे पैसे घेणं मला सरळसरळ लुबाडणूक वाटते.

६७१ म्हणजे नेमकं कुठे?

सिबिलचा स्कोअर ३०० ते ९०० या मापात असतो. सिबिलखेरीज एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या तीन कंपन्याही भारतात हेच काम करतात. प्रत्येकीचं गणित वेगळं, त्यामुळे एकाच माणसाचे चार आकडे निघू शकतात. या गृहस्थांचा एक्सपेरियनचा स्कोअर त्याच आठवड्यात ७०४ होता. बँकेने मात्र सिबिलच पाहिलं.

कितीच्या वर स्कोअर असला म्हणजे कर्ज द्यायचं, हे रिझर्व्ह बँकेने कुठेही ठरवून दिलेलं नाही. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात अर्थ मंत्रालयाने लोकसभेत तसं स्पष्टही केलं. रेषा आखते ती प्रत्येक बँक, स्वतःच्या धोरणाने. साधारण चित्र असं दिसतं : ७५० च्या वर सगळ्यात कमी व्याजदर. ७०० ते ७४९ ला कर्ज मिळतं, दर थोडा चढा. ६५० ते ६९९ मध्ये प्रश्न सुरू होतात आणि उत्तर शाखेवर, पगारावर, तारणावर अवलंबून राहतं. त्याखाली विनातारण कर्जाची दारं बहुतेक ठिकाणी बंद होतात. सोनेतारणाला मात्र तेव्हाही फारशी अडचण येत नाही, कारण तिथे सोनं बघतात.

या गृहस्थांच्या बँकेत एप्रिलमध्ये ७५० च्या वर ८.०० टक्के आणि ७०० ते ७४९ ला ८.२० टक्के दर होता. ७०० खाली पगारदार खात्यालाही नकार. म्हणजे २९ गुणांनी त्यांना थेट गृहवित्त कंपनीच्या साडेदहा टक्क्यांवर नेऊन ठेवलं होतं. ३२ लाख, २० वर्षं, असा हिशेब मी त्यांच्यासमोर मांडला. ८.२० टक्क्यांनी हप्ता २७,१६६ रुपये. साडेदहा टक्क्यांनी ३१,९४८. दर महिन्याला ४,७८२ रुपयांचा फरक, आणि दर तसेच राहिले तर २० वर्षांत साडेअकरा लाखांच्या घरात. त्यांच्या पत्नीने तो आकडा वहीत लिहून घेतला. कर्ज नंतर दुसऱ्या बँकेत हलवता येतं हे खरं, पण स्कोअर तोच राहिला तर हलवणार कुठे?

अहवालात काय सापडलं

चारही कंपन्यांकडून दर वर्षी एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो, आणि स्वतःचा अहवाल स्वतः काढल्याने गुण कमी होत नाहीत. तरी लोक मोबाइलवर आकडा बघतात आणि थांबतात. मी त्यांना संपूर्ण अहवाल छापून आणायला सांगितलं. आम्ही तिघांनी टेबलावर पसरून तो खातेवार वाचला.

सगळ्यात जड निघालेलं खातं त्यांचं नव्हतंच. निफाड तालुक्यात राहणाऱ्या थोरल्या चुलतभावाच्या, आप्पांच्या, ट्रॅक्टर कर्जाला ते २०२३ मध्ये जामीन राहिले होते. फायनान्स कंपनीच्या शोरूममध्ये दोन सह्या केल्या, पेढे खाल्ले आणि विसरून गेले. अहवालात ते खातं पूर्ण तपशिलासह होतं, मालकीच्या रकान्यात ‘गॅरंटर’ असं लिहिलेलं. त्याखाली महिन्यांच्या चौकटी असतात आणि प्रत्येक चौकटीत त्या महिनाअखेरीला हप्त्याला किती दिवस उशीर झाला तो आकडा. सगळीकडे ०००. शेवटच्या तीन चौकटींत ०१६, ०४४, ०७५.

१५ जानेवारीचा ६८,००० रुपयांचा सहामाही हप्ता भरलेला नव्हता. लाल कांद्याचे आलेले पैसे घरातल्या लग्नात गेले होते आणि उन्हाळ कांदा निघेपर्यंत हातात काही येणार नव्हतं. आप्पांनी ही गोष्ट लपवली असं म्हणता येणार नाही. धाकट्या भावाला यातून काही त्रास होईल हे त्यांच्या गावीही नव्हतं. आणि जामीन म्हणजे कर्जदार पळून गेला तरच विचारला जाणारा माणूस, अशी समजूत गावातच काय, शहरातही घट्ट आहे. कायदा तसं म्हणत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. कंपनी आधी आप्पांकडे गेलीच पाहिजे असं बंधन तिच्यावर नाही.

मला घाई वाटली ती तारखेमुळे. थकबाकीला ९० दिवस उलटले की बँका आणि मोठ्या फायनान्स कंपन्या खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, धरतात. त्यानंतर सगळी थकबाकी फेडल्याशिवाय ते पूर्ववत होत नाही. आम्ही अहवाल वाचत होतो तो एप्रिलचा दुसरा आठवडा होता. ९० वा दिवस १५ एप्रिलला भरत होता.

त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. “आप्पा, जानेवारीचा हप्ता राहिलाय ना ट्रॅक्टरचा? त्याच्यामुळे माझं घराचं कर्ज अडलंय.” पलीकडे बराच वेळ शांतता. मग आप्पा म्हणाले, “अरे, तुझा काय संबंध त्याच्याशी? आधी सांगायचं नाही का?” दंडासह ७१,००० भरायचे होते. ४०,००० आप्पांनी दोन दिवसांत सोसायटीतून उभे केले, ३१,००० या गृहस्थांनी घराच्या शिलकीतून दिले. १२ एप्रिलला पावती आली. जुन्या तीन चौकटी पुसल्या जाणार नव्हत्या, पण पुढची चौकट पुन्हा ००० झाली आणि एनपीएचा शिक्का टळला.

दुसरं खातं त्यांच्या नावावरचं, पण त्यांच्या लेखी संपलेलं. २०२० च्या टाळेबंदीत कारखाना बंद होता, पगार अर्धा. कार्डावर ५२,००० रुपये थकले. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली होती ती त्यांनी घेतली. व्याज मात्र चढतच राहिलं आणि वाढत वाढत रक्कम ७४,००० वर गेली. वसुली एजन्सीचे फोन सुरू झाले. २०२२ मध्ये ३८,००० रुपयांत तडजोड झाली आणि ‘फुल अँड फायनल’ असं पत्र मिळालं. ते पत्र त्यांनी लॅमिनेट करून ठेवलं होतं. अहवालात त्याच खात्यासमोर ‘सेटल्ड’ असं होतं आणि बँकेने सोडून दिलेले ३६,०००.

‘क्लोज्ड’ म्हणजे पूर्ण फेड. ‘सेटल्ड’ म्हणजे देणाऱ्याने पाणी सोडलं. पुढचा सावकार हे दोन शेरे पूर्णपणे वेगळे वाचतो. मला राग येतो तो याचा की तडजोडीसाठी रोज फोन करणाऱ्या माणसाने हे एकदाही सांगितलं नव्हतं. “पत्र असताना परत पैसे का भरायचे?” असं ते तावातावाने म्हणाले, आणि कायद्याने त्यांचं बरोबरच होतं. ती रक्कम आता कुणी मागू शकत नव्हतं. मी त्यांना एवढंच दाखवलं की साडेदहा आणि ८.२० टक्क्यांमधला महिन्याचा फरक ४,७८२ आहे. ३६,००० रुपये आठ महिन्यांच्या आत भरून निघतात. निर्णय त्यांनी घरी जाऊन घेतला. पैसे भरण्याआधी बँकेकडून लेखी घेतलं की रक्कम मिळाल्यावर खातं ‘क्लोज्ड’ म्हणून कळवलं जाईल आणि सोडलेली रक्कम शून्य दाखवली जाईल. हा क्रम उलटा करू नये. आधी भरून मग पत्रासाठी शाखेत खेटे घालणारे मी बरेच बघितले आहेत.

बाकी गोष्टी किरकोळ दिसणाऱ्या. फ्रिजचं बिनव्याजी कर्ज २०२३ मध्येच फिटलं होतं, पण मधला एक हप्ता परत गेल्याचा ५९० रुपयांचा आकार बाकी राहिल्याने खातं उघडं आणि ‘थकीत’ दिसत होतं. त्या आकाराची सूचना त्यांना आली नव्हती. आम्ही सिबिलच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली आणि कर्ज देणाऱ्या कंपनीलाही लिहिलं. अशा तक्रारीचा निपटारा ३० दिवसांत करायचा असतो. त्यापुढे दर दिवशी १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. इथे आठ दिवस उशीर झाला. ८०० रुपये आपणहून जमा झाले नाहीत, नियमाचा हवाला देऊन मागितल्यावर झाले. दाद लागली नसती तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता आलं असतं. क्रेडिट माहिती कंपन्याही सप्टेंबर २०२२ पासून त्या योजनेत आहेत.

चालू कार्डाचा मुद्दा त्यांना पटायला वेळ लागला. मर्यादा ५०,००० ची आणि किराणा, पेट्रोल, मुलाची फी सगळं कार्डावर, महिन्याला ४३,००० च्या आसपास. बिल वेळेवर पूर्ण भरायचे, व्याज शून्य. तरी तो खर्च गुणांना जड जात होता, कारण बँक साधारणपणे बिल निघतं त्या वेळची बाकी कळवते. अहवाल वाचणाऱ्याला दिसतं की हा माणूस दर महिन्याला मर्यादेच्या ८६ टक्क्यांपर्यंत जातो. तिसाच्या आत ठेवावं असा जाणकारांचा ठोकताळा आहे, नियम नव्हे. त्यांचं बिल १८ तारखेला निघायचं. १६ तारखेलाच बहुतेक रक्कम भरून टाकायची, एवढाच बदल केला. खर्च तोच राहिला.

अर्ज आला की कर्ज देणारा अहवाल मागवतो आणि त्याची ‘चौकशी’ म्हणून नोंद होते. पगाराच्या बँकेची एक आणि एजंटाने फिरवलेल्या फायलीच्या चार, अशा पाच चौकशांचं काहीच करता येत नव्हतं. त्या कालांतराने फिक्या होतात. नवीन अर्ज कुठेही करायचा नाही, एवढं ठरवलं.

पत्नीचा अहवाल

सहअर्जदार म्हणून पत्नीचाही अहवाल काढला. तिथे आकड्याच्या जागी उणे एक होतं. त्या घाबरल्या. उणे एकचा अर्थ वाईट असा नाही, कर्जाचा इतिहास सापडला नाही इतकाच. पण त्यांना इतिहास होता. महिला पतसंस्थेतून शिलाई यंत्रासाठी आणि नंतर सासूबाईंच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांनी दोन कर्जं घेतली होती आणि दोन्ही वेळेआधी फेडली होती. पासबुकात एकही लाल शेरा नाही. पतसंस्था १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली चालतात, रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली नाहीत, आणि बहुतेकींची माहिती क्रेडिट कंपन्यांपर्यंत जात नाही. महाराष्ट्रातल्या लाखो बायकांची उत्तम परतफेड अशी कुठेच दिसत नाही. ही उणीव मला फार खटकते. निदान अशा कर्जाचा संपूर्ण खातेउतारा आणि बेबाकी दाखला फायलीला जोडायला मी नेहमी सांगतो. इथे शाखाधिकाऱ्याने तो वाचला आणि पत्नीचं उत्पन्न धरताना उपयोग झाल्याचं सांगितलं. केवळ इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेचं म्हणणं आहेच.

पुढचे सहा महिने

बिल्डरने दोन लाख जादा अगाऊ घेऊन दिवाळीपर्यंत भाव धरून ठेवला. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना पंधरवड्याला माहिती पाठवणं बंधनकारक झालं होतं, त्याचा इथे स्पष्ट फायदा दिसला. पूर्वी दोन-तीन महिने घेणाऱ्या दुरुस्त्या लवकर उमटल्या. फ्रिजची नोंद मेअखेर सुटली, कार्डाचं खातं जूनमध्ये ‘क्लोज्ड’ झालं. जूनअखेर स्कोअर ६९४ आला. ७०० ला सहा कमी, आणि त्यांना लगेच अर्ज करायचा होता. मी थांबायला सांगितलं, कारण १५ जुलैला ट्रॅक्टरचा पुढचा हप्ता होता आणि तोच खरा कस होता. आप्पांनी चाळीतला कांदा थोडा स्वस्तात काढला, पण हप्ता तारखेआधी भरला. ऑगस्टअखेर ७१९, ऑक्टोबरमध्ये ७३८.

“बारा गुणांसाठी थांबूया का?” असं त्यांनी विचारलं. ७५० ची कड जवळ दिसत होती. मध्यंतरी जूनमध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) अर्ध्या टक्क्याने उतरल्याने बँकेचे दर ७.५० आणि ७.७० झाले होते. ३२ लाखांवर हप्ता २५,७७९ आणि २६,१७२. फरक महिन्याला ३९३ रुपये. घरभाडं ते ११,००० देत होते. त्यामुळे थांबण्यात अर्थ नव्हता. ६७१ वरून ७०० पार करणं हजारो रुपयांचं होतं, ७३८ वरून ७५० पार करणं काहीशे रुपयांचं. लोक ८०० साठी जिवाचं रान करतात, तेव्हा मला हा हिशेब आठवतो. आपला आकडा कोणत्या पट्ट्यात आहे आणि आपल्या बँकेची पुढची रेषा कुठे आहे, यावर सगळं ठरतं. रेषेपासून लांब असलेले दहा-वीस गुण हप्त्यात दिसतही नाहीत.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ३२ लाखांचं कर्ज ७.७० टक्क्यांनी मंजूर झालं, पगाराच्या त्याच बँकेत. शाखाधिकाऱ्याने दोनच प्रश्न विचारले : कार्डाचं प्रकरण २०२० चं आहे का, आणि ट्रॅक्टर कुणाचा. दोन्हींची कागदपत्रं फायलीत लावलेली होती. शिलकीतून गेलेले ६७,००० रुपये दिवाळीच्या बोनसमधून भरून काढले.

दोन कामं अजून बाकी आहेत. जामीनदार बदलून द्यायला फायनान्स कंपनीने नकार दिला आहे, त्यामुळे जानेवारी २०२८ पर्यंत तो ट्रॅक्टर यांच्या अहवालात राहणार. दर जानेवारी आणि जुलैत हप्त्याच्या आठवडाभर आधी आप्पांना फोन करायचा, असं दोन्ही घरांनी ठरवलं आहे. आणि रेपोशी जोडलेल्या कर्जात कर्जदाराची पत लक्षणीय सुधारली असेल तर बँक जोखमीपोटी लावलेला जादा भार कमी करू शकते. ती आपणहून करत नाही, लेखी अर्ज द्यावा लागतो. ते ०.२० टक्के कमी करून मागण्याचा अर्ज नोव्हेंबर २०२६ मध्ये द्यायचा आहे. मसुदा त्यांच्या पत्नीने आताच वहीत उतरवून ठेवला आहे.